होफ्सग्रुंडची घंटा

मुले बरोबर घेऊन डोंगरात पायी हिंडावयास जाणे ही गोष्ट आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, तिलाही एक इतिहास आहे आणि तो फार जुना नाही, याचे भान राहत नाही. गुरूने शिष्यांसह अरण्यात राहावे ही कल्पना आपल्या देशाला नवी नव्हे. परंतु शहरातल्या शाळेतील पंचवीस-तीस मुले, पाठीवर पिशव्या, खिशात थोडी शिदोरी, मुक्कामाच्या गावी ओळखीचे कोणी नाही, आणि तरीही केवळ चालण्याच्या आनंदासाठी बाहेर पडावयाचे, हा प्रकार विसाव्या शतकाच्या उदयाबरोबर युरोपात रूढ झाला. बर्लिनजवळच्या श्टेग्लित्स येथे १९०१ साली शाळकरी मुलांच्या भटकंतीतून ‘वांडरफोगेल’, म्हणजे ‘भटके पक्षी’, या नावाची संस्था निघाली. १९०७ च्या ऑगस्टात बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुलांना घेऊन तळ ठोकला, आणि तेथून बालवीरांची चळवळ जगभर पसरली.

या दोहोंच्या मानाने तिसरा आरंभ अगदी साधा. पण मला तो सर्वांत गोड वाटतो. रिचर्ड शिर्मान हे पश्चिम जर्मनीतील आल्टेना गावचे शाळामास्तर. चार भिंतींच्या आत शिकविण्यात त्यांचे मन रमत नसे. मुलांना घेऊन ते रानातून हिंडत, आणि हिंडता हिंडता शिकवीत. १९०९ च्या ऑगस्टात ते आपल्या विद्यार्थ्यांसह कित्येक दिवसांच्या पायी प्रवासास निघाले असता, २६ तारखेच्या रात्री ब्रोल नदीच्या खोऱ्यात विजांच्या वादळाने त्यांना गाठले. सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका खेड्यातील शाळेत त्यांना आसरा मिळाला. जमिनीवर पेंढा पसरून मुले झोपी गेली. बाहेर गडगडाट चालला होता, आणि मास्तर तेवढे जागे होते. त्या जागरणात त्यांच्या मनात आले की, सुट्टीच्या दिवसांत देशभरच्या शाळा अशाच ओस पडतात. एकेका दिवसाच्या चालीवर असा एकेक निवारा मुलांसाठी उघडला, तर गरिबाच्या पोरालाही सारा देश पायी पाहता येईल. युवक-वसतिगृहांची चळवळ ती ही. १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह निघाले, १९३० साली इंग्लंडमध्येही तशी संस्था स्थापन झाली, आणि इंग्रज मुलाने जर्मनीत व जर्मन मुलाने इंग्लंडमध्ये थोड्या पैशांत हिंडून यावे हे शक्य झाले. महायुद्धात एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन पिढ्यांची मुले एकाच छपराखाली झोपू लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

मला सांगावयाची हकीकत मात्र दुसऱ्या एका शिक्षकाची आणि दुसऱ्या एका वादळाची आहे. त्याही शिक्षकाबरोबर शाळेतील मुलेच होती, आणि त्यांनी आदली रात्र शिर्मानच्या कल्पनेतून निघालेल्या अशाच एका वसतिगृहात काढली होती.

१९३६ चा एप्रिल महिना. दक्षिण लंडनमधील स्ट्रँड स्कूल या शाळेचे २७ विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ‘काळे अरण्य’ या डोंगराळ प्रदेशात सहलीसाठी आले. सर्वांत लहान मुलगा १२ वर्षांचा, सर्वांत मोठा १७ चा. त्यांच्याबरोबर मोठे माणूस एकच, ते म्हणजे त्यांचे शिक्षक केनेथ कीस्ट, वय वर्षे २७. मुले बालवीर पथकातील म्हणून आलेली नव्हती, साधी शाळकरी होती; तथापि बालवीरांचा गणवेष अंगावर नसला तरी सहलीचा घाट तोच. रोज चालावयाचे, रात्री वसतिगृहात उतरावयाचे, सकाळी पुन्हा पुढचा डोंगर.

ज्या जर्मनीत ती उतरली, ती शिर्मानची जर्मनी राहिलेली नव्हती. हिटलर १९३३ च्या जानेवारीत सत्तेवर आला, आणि त्याच वर्षी ‘भटक्या पक्ष्यां’च्या परंपरेतील तरुणांचे स्वतंत्र संघ बरखास्त झाले. बालवीरांची पथकेही एकामागून एक बंद पडली. वसतिगृहे ‘हिटलर-युवक’ या सरकारी संघटनेच्या ताब्यात गेली. खुद्द शिर्मान यांना वसतिगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद या १९३६ सालीच सोडावे लागले. डोंगरात हिंडण्याचे जे वेड मुलांनी स्वतःच्या मौजेसाठी निर्माण केले होते, ते आता कवायतीच्या कामी लागले. शिवाय मुले येण्याच्या सहाच आठवडे आधी, ७ मार्च १९३६ रोजी, जर्मन सैन्याने करार मोडून ऱ्हाइन नदीकाठच्या निःशस्त्र पट्ट्यात प्रवेश केला होता. मुले जेथे उतरली ते फ्रायबुर्ग शहर त्या पट्ट्यातच मोडते. ऑगस्टात बर्लिनला ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. जगाने, आणि त्यातही इंग्लंडने, आपल्याला सभ्य म्हणावे याची जर्मन सरकारला त्या दिवसांत फार निकड होती. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

फ्रायबुर्गच्या पाठीशीच शाउइन्सलान्ड नावाचा डोंगर उभा आहे. नावाचा शब्दशः अर्थ ‘देश पाहा’ असा. माथ्यावरून खरोखरच ऱ्हाइनचे सारे खोरे दिसते. डोंगराच्या पोटात पूर्वी चांदीच्या खाणी होत्या, आणि १९३६ साली जस्त व शिसे यांचे खाणकाम अद्याप चालू होते. माथ्याची उंची १,२८४ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही थोडी कमी. १९३० पासून तर वर जाण्यासाठी तारेवरून चालणारे पाळणे झाले होते. शहरातली मंडळी रविवारी त्यांत बसून वर जात, कॉफी पीत आणि संध्याकाळी परत येत. सारांश, हा काही आल्प्समधील भयंकर कडा नव्हे. हातातल्या नकाशावर एक बोट ठेवले की तो ओलांडता येईल असा डोंगर. पण शहर सपाटीवर आहे आणि माथा तेथून सुमारे एक हजार मीटर उंच. आणि माथ्यावर वारा असा की, तेथील बीच वृक्ष जन्मभर पश्चिमेकडून झोडपले जाऊन एकाच बाजूला वाकून वाढतात. त्या वाकलेल्या झाडांची चित्रे आज प्रवासी मोठ्या हौसेने काढून नेतात. चालणाऱ्यासाठी ती झाडे म्हणजे निसर्गाने लावलेली पाटीच आहे. वाचावयाला मात्र आधी तेथवर पोहोचावे लागते.

१७ एप्रिलच्या सकाळी ही मंडळी फ्रायबुर्गच्या वसतिगृहातून निघाली. डोंगर ओलांडून पलीकडच्या टोट्नाउबेर्ग गावी मुक्काम करावयाचा बेत होता. हवा वाईट होती. बर्फमिश्रित पाऊस पडत होता, आणि वर चढावे तसतसा तो पाऊस निव्वळ बर्फ होत गेला. मुलांच्या अंगावर वसंत ऋतूतील सहलीचे कपडे होते: अर्ध्या विजारी, पातळ कोट, काहींच्या पायांत तर नुसत्या चपला. लंडनमध्ये एप्रिल म्हणजे फुलांचे दिवस. काळ्या अरण्याच्या माथ्यावर एप्रिलातही हिवाळा परत फिरून येतो, हे सहलीची आखणी करणाऱ्यांच्या गावी नव्हते असे दिसते. नकाशा होता, पण लहान प्रमाणावरचा. डोंगरातील वाटा त्यात जेमतेम रेषेएवढ्या. आणि लवकरच बर्फाखाली वाटाच दिसेनाशा झाल्या. पाट्या बर्फाने झाकून गेल्या. मंडळी चुकली, फिरली, पुन्हा चुकली.

येथवर जे घडले ते कोणाच्याही बाबतीत घडू शकते. ज्याने शाळेची सहल नेली आहे त्याला ठाऊक आहे की, सकाळी निघताना आभाळ भरून आले म्हणून सहल रद्द करणे किती अवघड असते. मुलांचे चेहरे, आईबापांनी भरलेले पैसे, पुढील मुक्कामी दिलेला शब्द, ही सारी ओझी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला केवळ एक शंका. परंतु ही शंका दिवसभर शंकाच राहिली नाही. वाटेत माणसे भेटली. अरण्याच्या कडेच्या एका खानावळीच्या मालकिणीने, या हवेत वर जाऊ नका, असे सांगितले. हवेला कंटाळून काम टाकून खाली उतरणारे लाकूडतोडे भेटले. खाणीच्या बाजूला डाक पोहोचवून परतणारी माणसे भेटली. ही सर्व माणसे तेथे जन्मलेली, आणि ती सर्व खाली येत होती. लंडनची मंडळी तेवढी वर जात होती. कीस्ट पुढे निघाले. आता परत फिरण्यापेक्षा पलीकडे उतरणे जवळ, असा हिशेब त्यांनी केला असावा. तो हिशेब नकाशावर बरोबरही असेल. पण डोंगराच्या त्या बाजूचा चढ इतका उभा होता की, उन्हाळ्यातही गावकरी तो टाळीत. आणि गुडघाभर बर्फातून तो चढून गेल्यावर वरच्या उघड्या पठारावर वाऱ्याला अडविणारे काहीच नव्हते.

थंडीने माणूस मरतो म्हणजे काय होते, याविषयी आपल्यासारख्या उष्ण देशातील लोकांना सहसा विचार करावा लागत नाही. म्हणून दोन शब्द सांगतो. शरीराची ऊब साधारण ३७ अंश असते. ती ३५ च्या खाली गेली की संकट सुरू होते. कोरडा कपडा आपल्या धाग्यांत हवा धरून ठेवतो आणि तीच हवा उबेचे रक्षण करते. कपडा भिजला की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या पंचवीसपट वेगाने ऊब पळविते. त्यात वारा सुटला म्हणजे ऊब आणखी झपाट्याने निघून जाते. आधी अंग थडथड कापते. ते कापणे हीच शरीराची शेवटची धडपड. ऊब ३२ अंशांच्या आसपास उतरली की कापणे थांबते, आणि ज्याला थांबले त्याला उलट बरे वाटू लागते. जीभ जड होते, पाय अडखळतात, विचार मंदावतो, येथेच बसावे, निजावे असे वाटते. लहान मुलाचे वजन कमी, त्या मानाने त्वचेचा विस्तार अधिक. म्हणून मोठ्या माणसापेक्षा मूल लवकर गारठते. म्हणजेच ज्या क्षणी मुलांच्या पुढाऱ्याला आपण अजून चालू शकतो असे वाटत असते, त्या क्षणी त्याच्या मागची मुले चालू शकत नसतात. त्याचे स्वतःचे शरीरच त्याला खोटी साक्ष देते.

त्या दिवशी हेच घडले. दिवस कलला तशी मुले पडू लागली. मोठ्या मुलांनी लहानांना आधार देऊन ओढले, पाठीवर घेतले. धीर यावा म्हणून गाणी म्हटली. चौदा वर्षांचा एक मुलगा शाळेत मुष्टियुद्धात पहिला येणारा, अंगाने धट्टाकट्टा. तो खाली बसला. त्याला हुशारी यावी म्हणून एक संत्रे आणि केकचा तुकडा देण्यात आला. तो पुन्हा उठला नाही. मला या साऱ्या हकीकतीत त्या संत्र्याइतके काहीच लागत नाही. शाळेच्या मैदानावर धापा टाकणाऱ्या खेळाडूला देतात तसे ते संत्रे होते. देणाऱ्याच्या मनात माया होती यात शंका नाही. परंतु काय घडत आहे याची त्याला तोवर मुळीच कल्पना नव्हती, हेही त्यातून स्पष्ट होते.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होफ्सग्रुंड नावाचे खेडे आहे. मोठमोठ्या उतरत्या छपरांची, एकमेकांपासून दूर विखुरलेली शेतकऱ्यांची घरे, गुरे, कुरणे आणि एक लहान देऊळ. त्या संध्याकाळी देवळातील घंटा प्रार्थनेसाठी वाजली. धुक्यात आणि उडणाऱ्या बर्फात दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. दिशा अशी काही उरलीच नव्हती. तो नाद कानी पडला तेव्हा मुलांना प्रथमच कळले की, खाली, त्या बाजूला, माणसे आहेत. ज्यांच्या पायांत बळ होते ती नादाच्या रोखाने घसरत, पडत उतरू लागली. रात्री आठच्या सुमारास पहिली दोन मुले एका शेतघराच्या दाराशी पोहोचली, आणि मोडक्यातोडक्या जर्मन भाषेत त्यांनी सांगितले की, वर डोंगरावर आणखी मुले आहेत.

त्यानंतर त्या गावाने जे केले ते करण्यासाठी त्याला कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागली नाही. ज्या घरी बातमी आली तेथून ती शेजारच्या घरी गेली. पुरुषांनी बर्फावर चालण्याच्या फळ्या पायांना बांधल्या, कंदील घेतले, लाकडे व गवत वाहण्याच्या घसरगाड्या ओढीत ते अंधारात वर चढले. बर्फ पडतच होता. कोठे एक, कोठे दोन, कोठे एकमेकांना बिलगून बसलेली, अशी मुले त्यांनी शोधून काढली. हाका मारून, कंदील हालवून, काही ठिकाणी बर्फ उकरून. घसरगाड्यांवर घालून त्यांना खाली आणले. बायकांनी चुली पेटविल्या होत्या, पांघरुणे ऊन केली होती. अर्धमेल्या मुलांचे हातपाय चोळीत गाव जागे राहिले. फ्रायबुर्गहून डॉक्टर येऊन पोहोचले. शेवटचा मुलगा सापडेपर्यंत मध्यरात्र होत आली होती. २७ पैकी २२ वाचली. पाच मुले गेली: एक बारा वर्षांचे, एक तेरा वर्षांचे, आणि तिघे चौदा वर्षांचे.

इतिहासाच्या दृष्टीने खरी चमत्कारिक कथा येथून पुढे सुरू होते. इतका वेळ डोंगरावर माणसे होती. आता त्यांची जागा सरकारांनी घेतली.

नाझी अधिकाऱ्यांनी प्रसंग ओळखला. वाचलेल्या मुलांची फ्रायबुर्गमध्ये बडदास्त ठेवण्यात आली. पाच शवपेट्यांवर फुले आणि स्वस्तिकांकित माळा चढल्या, ‘हिटलर-युवक’ संघटनेची गणवेषधारी मुले पहाऱ्यास उभी राहिली, छायाचित्रे निघाली, आणि इंग्रज तरुणांचे दुःख ते जर्मन तरुणांचे दुःख अशी भाषणे झाली. वृत्तपत्रांत त्या संघटनेचा इतका गाजावाजा झाला की, जणू तिनेच डोंगरावर जाऊन मुलांना वाचविले! ज्यांनी वाचविले त्या शेतकऱ्यांना कोणताही गणवेष नव्हता, आणि त्यांच्या शेणाने माखलेल्या घसरगाड्या छायाचित्रात शोभण्यासारख्या नव्हत्या. सहा आठवड्यांपूर्वी ऱ्हाइनकाठी शिरलेल्या सैन्याची आठवण पुसून टाकावयास या शोकयात्रेपेक्षा चांगले साधन त्या सरकारला मिळाले नसते.

इंग्लंडमध्ये निराळा प्रकार झाला, पण फळ तेच. तेथील वृत्तपत्रांनी कीस्ट यांना वीरपुरुष ठरविले: भयंकर, अनपेक्षित वादळाशी झुंज देऊन बहुतेक मुलांना वाचविणारा तरुण शिक्षक. ‘अनपेक्षित’ हा शब्द सर्वांनाच सोयीचा होता. जर्मनांना तो सोयीचा, कारण पाहुण्यांपैकी एकावर खटला भरून स्नेहाचा देखावा बिघडवावयाची त्यांची इच्छा नव्हती. फ्रायबुर्गमधील सरकारी वकिलाने चौकशी केली, पण खटला उभा राहिला नाही. इंग्रजांना सोयीचा, कारण शाळा, सहलीची व्यवस्था करणारी मंडळी आणि शिक्षक या सर्वांवरचा प्रश्न त्या एका शब्दाने टळत होता. लंडनमधील चौकशीतही कीस्ट यांच्यावर ठपका आला नाही. दोन्ही देशांना एक वादळ हवे होते. वादळाला जाब विचारता येत नाही.

एका माणसाला मात्र ते वादळ पुरेसे वाटले नाही. तो म्हणजे ज्याला संत्रे देण्यात आले त्या मुलाचा बाप. तो स्वतः होफ्सग्रुंडला गेला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ज्या वाटेने मुलगा गेला ती वाट त्याने पाहिली. वाटेत मुलांना कोण भेटले, कोणी काय सांगितले, हे त्याने गावकऱ्यांना विचारून गोळा केले, आणि आज आपणांस खानावळवाली, लाकूडतोडे, डाकवाले यांच्याविषयी जे माहीत आहे, त्यापैकी पुष्कळसे अशा विचारपुशीतूनच टिकून राहिले. शिक्षकाला न्यायालयापुढे उभे करावे यासाठी त्याने आपल्या देशातही खटपट केली. यश आले नाही. मुलगा जेथे गेला तेथे त्याने दगडी स्मारक उभारले. त्यावर, संकटाच्या वेळी शिक्षक मुलांना पुरा पडला नाही, अशा अर्थाचे एक वाक्य कोरावे अशी त्याची इच्छा होती. ते वाक्य अधिकाऱ्यांनी कोरू दिले नाही. म्हणजे पाहा, बापाने स्वतःच्या खर्चाने उभारलेल्या दगडावरसुद्धा दोन सरकारांमधील गोडी बिघडू नये याची काळजी घेतली गेली.

त्याच्याहून पुष्कळ मोठे स्मारक ‘हिटलर-युवक’ संघटनेच्या नावाने डोंगरउतारावर उभे राहिले. पाचही मुलांची नावे त्यावर आहेत. ते १९३८ साली तयार झाले आणि त्या शरद ऋतूत थाटाने त्याचे अनावरण व्हावयाचे होते. परंतु म्युनिकच्या कराराचा तो काळ, आणि मैत्रीचा देखावा करण्याची गरज एव्हाना दोन्ही बाजूंना उरली नव्हती. तो सोहळा झालाच नाही. युद्धानंतर दगडावरील स्वस्तिक काढून टाकण्यात आले.

कीस्ट यांच्याविषयी काय म्हणावे? मी या प्रश्नापाशी पुष्कळदा थांबलो आहे. त्यांना दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. रात्री ते स्वतःही मुलांबरोबर त्याच बर्फात होते. २७ वर्षांच्या एकट्या माणसाच्या हाती २७ मुले देऊन परदेशातील डोंगरात धाडणारी शाळा, आणि त्याच्या हाती अपुरा नकाशा ठेवणारी व्यवस्था, यांचाही दोष मोठा आहे. परंतु त्यांना वीर म्हणणे, हा माझ्या मते पाच मुलांवर झालेला दुसरा अन्याय होय. वीर ठरविले म्हणजे चूक पुसली जाते. आणि चूक पुसली गेली म्हणजे पुढच्या मास्तराला तिच्यापासून काही शिकावयास उरत नाही. शिर्मान त्या १९०९ च्या रात्री वादळापुढे थांबले. मुलांना पेंढ्यावर निजविले आणि स्वतः जागे राहिले. त्यात कोणालाही शौर्य दिसले नाही, कोणी छायाचित्र काढले नाही. कीस्ट यांना थांबण्याची संधी दिवसभरात एकदा नव्हे, तीन-चार वेळा माणसांच्या रूपाने वाटेत येऊन भेटली. पण परक्या भाषेतील गावंढळ माणसाचा सल्ला हा सल्ला वाटत नाही. तो अतिसावधपणा वाटतो. शहरी, शिकलेल्या माणसाचा हा दोष इंग्लंडपुरता नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जाणाऱ्या आपल्या मंडळींना वाटेतला धनगर ‘पुढं जाऊ नका’ म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे किती जण थांबून पाहतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

कित्येक वर्षे ही हकीकत इंग्लंडमध्ये जवळजवळ विसरली गेली. होफ्सग्रुंडमध्ये ती विसरली गेली नाही. तेथे आजी नातवाला ती सांगत आली, कारण तिच्याच स्वयंपाकघरात एखाद्या इंग्रज मुलाचे पाय चोळले गेले होते. अलीकडे फ्रायबुर्गच्या एका इतिहास-अभ्यासकाने जुने कागद आणि गावकऱ्यांच्या आठवणी यांची सांगड घालून ती पुन्हा उजेडात आणली, आणि घटनेला ८० वर्षे झाली त्या २०१६ साली इंग्रज वृत्तपत्रांनीही ती सविस्तर छापली. तेव्हा कोठे, मुलांना वाचविले ते शेतकऱ्यांनी, आणि वादळ अनपेक्षित नव्हते, हे सर्वांना वाचावयास मिळाले.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडून गेली होती. २७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्री इंग्रज विमानांनी फ्रायबुर्गवर बाँबवर्षाव केला. वीस-पंचवीस मिनिटांत जुने शहर बेचिराख झाले आणि सुमारे २,८०० माणसे मेली. ज्या २२ मुलांना होफ्सग्रुंडने आठ वर्षांपूर्वी बर्फातून उकरून काढले होते, ती एव्हाना वीस ते पंचवीस वर्षांची, म्हणजे ऐन सैन्यात जाण्याच्या वयाची झाली होती.

गाव डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे तेथेच आहे. आता ते ओबेरीड या ग्रामपंचायतीत मोडते. ‘हिटलर-युवकां’चे स्मारक वर उतारावर उभे आहे, आणि बापाने उभारलेला, एक वाक्य कमी असलेला दगडही आहे. बर्फ नसेल त्या ऋतूत फ्रायबुर्गहून पाळण्यात बसून वर गेल्यास, वाकलेल्या बीच वृक्षांजवळून चालत त्या दोन्ही ठिकाणी थोड्या वेळात उतरता येते, आणि हवा स्वच्छ असली तर होफ्सग्रुंडच्या देवळाचा मनोरा वाटेवरूनच दिसतो.